निरोगी बालकाचा श्वास आणि त्याचे मोजमाप

(अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांच्या उद्बोधन वर्गात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून आपणांपैकी काहींच्या मनात अशी शंका आली असेल की, हा विषय डॉक्टरांच्या सभेत शोभण्यासारखा आहे. शिक्षकांच्या वर्गात त्याचे काय प्रयोजन? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर आरंभीच दिले पाहिजे. तीन ते सहा वर्षांच्या बालकाची उंची आपण मोजता, त्याचे वजन घेता, दंडाचा घेर पाहता व ते आकडे नोंदवहीत भरता. मात्र ज्या श्वासाच्या बळावर ते बालक धावते, गाते व हसते, त्या श्वासाचे माप आपल्या कोणत्याही नोंदवहीत नाही. ते का नाही, घ्यावयाचे झाल्यास कसे घेतात, आजारी मुलांच्या आधी निरोगी मुलांचेच ते का घ्यावे लागते, आणि ह्या सर्वांत आपला वाटा कोणता, एवढ्या चार प्रश्नांचा विचार आज करावयाचा आहे.

फुप्फुसाची घडण

प्रथम ज्या अवयवाचे माप घ्यावयाचे तो कसा आहे, हे थोडक्यात पाहू. नाकावाटे आत गेलेली हवा श्वासनलिकेत उतरते. त्या नलिकेला दोन फाटे फुटतात, त्या फाट्यांना पुन्हा फाटे फुटतात, आणि एखाद्या वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे बारीक बारीक होत गेलेल्या ह्या नलिका अखेर सूक्ष्म वायुकोशांत संपतात. रक्त व हवा ह्यांची देवघेव होते ती ह्या वायुकोशांत. पूर्ण वाढ झालेल्या माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. नवजात अर्भकाजवळ त्यांचा लहानसा भागच असतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत त्यांची संख्या झपाट्याने वाढते, आणि पुढेही ही वाढ काही काळ चालू राहते. नलिकांच्या शाखा मात्र जन्मापूर्वीच फुटून झालेल्या असतात. जन्मानंतर त्या केवळ लांब व रुंद होत जातात.

म्हणजे अंगणवाडीत येणाऱ्या बालकाचे फुप्फुस हे मोठ्या माणसाच्या फुप्फुसाची छोटी प्रतिकृती नसते. त्याचे बांधकाम अजून चालू असते. शिवाय त्याच्या नलिका अरुंद असतात, आणि अरुंद नलिकेचा एक कठोर नियम आहे. हवा संथ व सरळ वाहत असताना नलिकेची त्रिज्या निम्मी झाली, तर प्रवाहास होणारा अडथळा दुप्पट किंवा चौपट होऊन थांबत नाही. तो सोळापट होतो. सर्दीने आतले अस्तर जरासे सुजले तरी मोठ्या माणसास केवळ नाक चोंदल्यासारखे वाटते. त्याच सुजेने लहान मुलाची छाती घरघरू लागते. म्हणून ह्या वयात श्वासाच्या वाटा मोकळ्या आहेत की नाहीत, हे जाणण्यास विशेष महत्त्व आहे.

मापनाचा इतिहास

श्वास मोजण्याची कल्पना जुनी आहे. लंडनमधील शस्त्रवैद्य जॉन हचिन्सन ह्याने १८४६ साली आपल्या श्वासमापकाचे, म्हणजे स्पायरोमीटरचे, सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पाण्यात उपडे ठेवलेले एक भांडे, त्यात नळीवाटे फुंकलेली हवा शिरली की ते वर उचलले जाई, व किती उचलले गेले त्यावरून हवेचे मोजमाप कळे. पोटभर श्वास घेऊन मग जितकी हवा बाहेर टाकता येईल तितकी टाकली असता जे माप मिळते, त्यास त्याने जीवनक्षमता ह्या अर्थाचे नाव दिले. खलाशी, पोलीस, सैनिक, मजूर अशा दोन हजारांहून अधिक लोकांची मापे घेतल्यावर त्यास एक गोष्ट स्पष्ट दिसली. ही क्षमता उंचीच्या प्रमाणात वाढते. ते तत्त्व आजही खरे आहे. एक मीटर उंचीच्या निरोगी बालकाची ही क्षमता सुमारे एक लिटर, म्हणजे एक लहान तांब्याभर असते. प्रौढ पुरुषाची चार ते पाच लिटर असते.

किती हवा बाहेर पडली, एवढ्यावरून मात्र वाट मोकळी आहे की अडलेली, हे कळत नाही. त्यासाठी ती किती वेगाने बाहेर पडली हेही पाहावे लागते. फ्रान्समधील तिफनो व पिनेली ह्यांनी १९४७ साली जोराच्या उच्छ्वासातील पहिल्या सेकंदाचे माप घेण्याची रीत पुढे आणली. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा आणि एकूण हवा ह्यांचे प्रमाण पाहिले की नलिकांची स्थिती समजते. दम्याच्या रोग्यास हवा कमी नसते. ती लवकर बाहेर निघत नाही. आज जगभर रुग्णालयांत चालणारी श्वासचाचणी ह्याच तत्त्वावर उभी आहे.

तथापि ह्या चाचणीस रोग्याचे सहकार्य लागते. पूर्ण श्वास घ्या, नळी ओठांत घट्ट धरा, एकदम जोराने फुंका, फुंकतच राहा, मध्ये थांबू नका, ह्या सर्व आज्ञा त्याने पाळावयाच्या असतात. सहा-सात वर्षांवरील मुलास हे समजावून सांगता येते. अगदी लहान अर्भकाचे माप ते झोपलेले असताना विशेष उपकरणांनी घेता येते. परंतु दोन ते सहा वर्षांचे मूल ना झोपेत माप घेऊ देते, ना आज्ञा पाळते. परिणामी फुप्फुसाच्या वाढीच्या इतिहासातील नेमकी हीच वर्षे दीर्घकाळ कोरी राहिली. वैद्यांपाशी अर्भकांचे आकडे होते, शाळकरी मुलांचे होते. मधल्या पानावर काही लिहिलेले नव्हते.

लहान मुलाची फुंकर

ही कोरी जागा भरली गेली ती गेल्या काही दशकांत. यंत्रे सुधारली हे तिचे एक कारण. पण खरे कारण असे की, मोजणाऱ्यांनी मुलांकडून शिकण्याचे ठरविले. आज्ञा द्यावयाची सोडून त्यांनी खेळ मांडला. संगणकाच्या पडद्यावर मेणबत्त्या तेवत असतात. मूल फुंकते तशा त्या विझतात. जोराने फुंकले तर अधिक विझतात, आणि शेवटपर्यंत फुंकत राहिले तर सगळ्या विझतात. "बाळ, सगळ्या मेणबत्त्या एका दमात विझव बघू," एवढे म्हटले की पुरे. इंडियानापोलिस येथील वैद्यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते सहा वर्षांच्या निरोगी मुलांपैकी बहुसंख्य मुलांना ही चाचणी नीट करता आली. पुढील वर्षी नॉर्वेमधील बालवाड्यांतील अभ्यासाचा अनुभवही तसाच आला. जे काम चार वर्षांच्या मुलाच्या कुवतीबाहेरचे समजले जात होते, ते त्याच्या कुवतीत होते. ते त्यास त्याच्या भाषेत सांगितले गेले नव्हते एवढेच.

खेळातून शिक्षण हा विचार आपणांस नवा नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे जे कार्य आरंभिले व जे अनुताई वाघ ह्यांच्या साहाय्याने पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढले, त्याचे सार तेच होते. बालशिक्षणाने जे आधी जाणले, ते वैद्यकाने मागाहून स्वीकारले, असे म्हणावयास हरकत नाही.

मुलांनी फुंकले तरी आणखी एक अडचण उरली. पहिल्या सेकंदाचे माप हा मोठ्यांच्या चाचणीचा कणा आहे. परंतु लहान मुलाचे फुप्फुस आकाराने छोटे आणि त्या मानाने त्याच्या नलिका रुंद असल्यामुळे त्याची सारी हवा पुष्कळदा एक सेकंद पुरा होण्याच्या आतच बाहेर पडते. मग पहिल्या सेकंदाचे माप व एकूण माप ही दोन्ही एकच होऊन बसतात, आणि त्यांच्या प्रमाणास अर्थ राहत नाही. ह्यावर तोडगा असा की, अर्ध्या सेकंदाचे किंवा पाऊण सेकंदाचे माप घ्यावे. अमेरिका व युरोप येथील श्वसनवैद्यांच्या संस्थांनी २००७ साली संयुक्तपणे शालापूर्व वयाच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ह्या गोष्टी मान्य झाल्या. मोठ्यांसाठी केलेले नियम लहानांवर जसेच्या तसे लादू नयेत, हे तत्त्व तेथे शास्त्रानेच मान्य केले.

ज्या मुलास जोराने फुंकणे जमतच नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या रीती आहेत. त्यांत त्याने केवळ शांतपणे श्वास घेत राहावयाचे असते. एका रीतीत नळीतील पडदा सेकंदाच्या दहाव्या भागापुरता मिटतो व लगेच उघडतो. त्या निमिषात तोंडातील दाब किती झाला ह्यावरून नलिकांतील अडथळ्याचा अंदाज येतो. दुसऱ्या रीतीचे मूळ १९५६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आहे. हिच्यात श्वासाबरोबर ध्वनीसारख्या हलक्या लहरी आत सोडून त्यांना होणारा विरोध मोजतात. दोन्ही रीतींत मुलाचे गाल हातांनी हलकेच धरावे लागतात, कारण गाल फुगले तर माप चुकते. मूल आईच्या शेजारी बसते, नाकास मऊ चिमटा लावते, आणि अर्ध्या मिनिटात काम होते. कोणत्याही रीतीत सुई नाही, औषध नाही, वेदना नाही.

निरोगी कोणास म्हणावे?

आता आपण विषयाच्या गाभ्याशी येतो. आजारी मुलाचा श्वास मोजण्याचे कारण कोणासही समजते. निरोगी मुलाचा श्वास मोजण्याचा उद्योग कशासाठी? त्याचे उत्तर असे की, निरोगी मुलांच्या मापांवाचून आजारी मुलाच्या मापास काही अर्थ नाही. एखाद्या मुलीने पाऊण लिटर हवा फुंकली, हे पुष्कळ की थोडे? तिच्या वयाच्या, तिच्या उंचीच्या निरोगी मुली किती फुंकतात हे ठाऊक असल्याखेरीज ह्या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. दुकानदाराच्या तराजूस जसे प्रमाणित वजन लागते, तसे वैद्याच्या आकड्यास निरोगी बालकांचे प्रमाण लागते.

हे प्रमाण ठरविण्याचा एक उत्तम नमुना आपल्या रोजच्या वापरात आहे. अंगणवाडीतील वाढीचा तक्ता जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या प्रमाणांवर आधारलेला आहे. त्यासाठी १९९७ ते २००३ ह्या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका ह्या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मापे घेण्यात आली. भारतातील मुले दिल्लीची होती. मुले निवडताना काळजी अशी घेतली की, ज्यांस आईचे दूध मिळाले, ज्यांच्या माता धूम्रपान करीत नव्हत्या व ज्यांची परिस्थिती वाढीस अडथळा आणणारी नव्हती, तीच घ्यावीत. मुले कशी वाढतात, ह्यापेक्षा ती कशी वाढावयास हवीत, हे त्यांना पाहावयाचे होते. आणि ते पाहता असे दिसले की, अनुकूल परिस्थितीत वाढलेली सहाही देशांतील लहान मुले उंचीने जवळपास सारखीच वाढतात.

श्वासाच्या बाबतीतही हाच विवेक लागतो. निरोगी म्हणून निवडलेले मूल अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले नसावे, त्यास वारंवार घरघर किंवा न्यूमोनिया झालेला नसावा, त्याच्या घरी तंबाखूचा धूर नसावा, आणि मापाच्या आधीच्या काही आठवड्यांत त्यास सर्दी-खोकला झालेला नसावा. ही चाळणी लावली नाही तर काय होते, ह्याचा विचार करा. समजा, एखाद्या वस्तीत घरोघर चुलीचा धूर कोंडलेला आहे आणि तेथील बहुतेक मुलांचा श्वास थोडासा उणा आहे. त्या वस्तीतील सर्व मुलांची सरासरी काढून तिलाच आपण प्रमाण मानले, तर प्रत्येक मूल प्रमाणात बसेल, कोणीही उणे ठरणार नाही, आणि धूर मात्र तसाच राहील. सर्वत्र आढळणारे ते सारे निरोगी, असे समजणे हा ह्या क्षेत्रातील सर्वांत मोठा धोका आहे.

ह्याच्या उलट बाजूचाही एक धोका आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कृष्णवर्णीय व गौरवर्णीय सैनिकांची श्वासमापे घेण्यात आली. जो फरक दिसला तो जन्मजात मानला गेला; त्या माणसांचे अन्न, त्यांचे श्रम व त्यांची राहणी ह्यांचा हिशेब कोणी केला नाही. ही समजूत पुढे इतकी रुजली की, विशिष्ट वंशाचा माणूस दिसला की अपेक्षित आकड्यातून ठरावीक भाग वजा करण्याची रीत पडली. २०१२ साली तीन वर्षांपासून पंचाण्णव वर्षांपर्यंतच्या सत्तर हजारांहून अधिक निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या मापांवरून जागतिक प्रमाणे तयार झाली. कोऱ्या राहिलेल्या शालापूर्व वयास त्यांत प्रथमच अखंड रेषेत स्थान मिळाले, ही मोठी गोष्ट होय. परंतु त्यांतही वंशांनुसार गट होते, आणि भारतीय उपखंडासाठी वेगळा गट नव्हता. २०२२ साली वंशाचा विचार न करणारी नवी प्रमाणे तयार झाली, आणि २०२३ साली अमेरिकेतील श्वसनवैद्यांच्या संस्थेने त्यांचा पुरस्कार केला.

हा वाद आपल्या अंगणात किती जवळ येऊन पोहोचतो, हे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासावरून दिसते. त्यात भारतातील शहरी, निमशहरी व ग्रामीण भागांतील पाच ते बारा वर्षांच्या निरोगी मुलांची श्वासमापे घेऊन ती इंग्लंडमध्ये वाढणाऱ्या भारतीय वंशाच्या मुलांच्या मापांशी ताडून पाहिली. भारतातील शहरी मुले व इंग्लंडमधील भारतीय मुले ह्यांत विशेष अंतर आढळले नाही. निमशहरी व ग्रामीण मुलांची मापे मात्र, उंचीचा हिशेब धरूनही, त्यांच्याहून कमी भरली. ही मुले अंगणवाडीतील बालकांहून थोडी मोठी होती खरी. पण त्यातील बोध आपल्यासाठीच आहे. रक्त एकच, देशही एकच. फरक पडला तो राहणीमुळे. खेड्यातील मुलाचा श्वास उणा असेल, तर तो त्याच्या वंशाचा वारसा आहे असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. तो परिस्थितीचा परिणाम आहे, आणि परिस्थिती बदलता येते.

आकडा म्हणजे निकाल नव्हे

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. श्वासमापाच्या तक्त्यात जी खालची रेषा काढतात, ती अशी बेतलेली असते की, शंभर निरोगी मुलांपैकी पाच मुले तिच्या खाली यावीत. म्हणजे रेषेखाली आलेले प्रत्येक मूल रोगी नसते. एखाद्या मुलाने त्या दिवशी मनापासून फुंकलेलेच नसते, एखादे बुजलेले असते, एखादे मुळातच थोडे कमी फुंकणारे पण अगदी सुदृढ असते. यास्तव जाणते वैद्य एका फुंकरीवर विसंबत नाहीत. निदान दोन चांगल्या व परस्परांशी जुळणाऱ्या फुंकरी मागतात, लक्षणे विचारतात, आणि गरज पडल्यास काही महिन्यांनी पुन्हा माप घेतात. शिक्षकाने तर हा विवेक अधिकच बाळगला पाहिजे. श्वासाचा आकडा हे गुणपत्रक नव्हे. तो वर्गात वाचून दाखवू नये, त्यावरून मुलांचे क्रमांक लावू नयेत, आणि कोणास 'कमकुवत छातीचा' असे नाव पाडू नये. एकदा पडलेले नाव मुलास वर्षानुवर्षे चिकटते, आणि मग पळण्याच्या खेळात ते स्वतःच मागे राहू लागते.

दुसरी गोष्ट संमतीची. निरोगी मुलाचे माप घेण्यात त्या मुलाचा तत्काळ लाभ काही नसतो. लाभ होतो तो पुढे येणाऱ्या मुलांचा. म्हणून आपल्या गावी कधी असे मापन करण्यास वैद्यांचे पथक आले, तर आईबापांना हेतू समजावून सांगून त्यांची संमती घेणे आवश्यक आहे. पण तेवढ्यावर भागत नाही. चार वर्षांच्या मुलाने मान हलवून "नाही" म्हटले, तर ते "नाही" मानले पाहिजे. रडत्या मुलाचे माप खरे येत नाही, हे शास्त्राचे म्हणणे. आणि रडत्या मुलाचे माप घेऊ नये, हे माणुसकीचे म्हणणे. येथे दोघांचे मत एकच आहे.

बालपणाचा श्वास व पुढील आयुष्य

फुप्फुसाची क्षमता सुमारे वीस-पंचवीस वर्षांच्या वयापर्यंत वाढते आणि मग हळूहळू उतरू लागते. तारुण्यात जो जितक्या उंचीवर पोहोचला, त्यावरून त्याची उतरण कोठे संपेल हे बरेचसे ठरते. प्रौढपणी श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा जो विकार आहे, त्याविषयी २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, त्या रोग्यांपैकी सुमारे निम्म्या रोग्यांची क्षमता तारुण्यातच पुरेशी उंच गेलेली नव्हती. त्यांचा ऱ्हास विशेष वेगाने झाला असे नाही. त्यांची शिदोरीच मुळात अपुरी होती.

ही गोष्ट उजेडात कशी आली, ह्याची एक कथा आपल्यासारख्या नोंदवह्या भरणाऱ्यांनी अवश्य ऐकावी. इंग्लंडमधील हार्टफर्डशायर परगण्यात १९११ सालापासून सुईणी व घरभेटी देणाऱ्या परिचारिका प्रत्येक बाळाचे जन्मवेळचे वजन, एक वर्षाचे वजन व बालपणीचे आजार वहीत लिहून ठेवीत. त्या भगिनींना आपल्या नोंदींचे पुढे काय होणार, ह्याची कल्पना असणे शक्य नव्हते. डेव्हिड बार्कर व त्यांचे सहकारी ह्यांनी त्या वह्या शोधून काढल्या, त्यांतील जी मुले आता वृद्ध झाली होती त्यांचा श्वास मोजला, आणि १९९१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांचे जन्मवेळचे वजन कमी होते व ज्यांना पहिल्या वर्षात न्यूमोनिया किंवा श्वासनलिकेचा दाह झाला होता, त्यांचा श्वास साठीच्या सुमारासही उणा होता. सहा दशकांपूर्वी एका साध्या परिचारिकेने इमानाने लिहिलेली ओळ विज्ञानाचा पुरावा ठरली.

ह्या कथेने कोणी निराश होऊ नये, कारण दुसऱ्या बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण भागात १९९३ पासून शाळकरी मुलांचा श्वास वर्षानुवर्षे मोजण्यात आला. दूषित हवेच्या गावांतील मुलांची फुप्फुसे कमी वाढली, असे २००४ साली दिसले. पुढे कायदे होऊन तेथील हवा सुधारली, आणि २०१५ साली असे दिसून आले की, स्वच्छ हवेत वाढलेल्या नंतरच्या मुलांची फुप्फुसे पूर्वीच्या मुलांहून अधिक वाढली. हवा सुधारली की श्वास सुधारतो, हे अनुमान राहिले नाही. ते मोजून सिद्ध झाले.

आपले काम

आता शेवटचा प्रश्न. प्रत्येक अंगणवाडीत श्वासमापक यंत्र असावे, असे माझे म्हणणे नाही. ते काम शिकलेल्या हातांचे आहे व रुग्णालयातच व्हावे. पण यंत्राशिवाय आपणांस करता येण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिले काम उंचीची नोंद अचूक ठेवणे. श्वासाचे प्रत्येक प्रमाण उंची, वय व मुलगा की मुलगी ह्यांवर उभे आहे. चप्पल काढून, टाचा भिंतीस लावून, नजर समोर ठेवून घेतलेली उंची आणि खरी जन्मतारीख ह्या दोन गोष्टी आपण नीट लिहिल्या, तर पुढे वैद्याच्या हाती पडणारे माप अर्थपूर्ण होते.

दुसरे काम श्वास मोजण्याचे, पण डोळ्यांनी. मूल शांत बसलेले असताना त्याचे पोट व छाती पूर्ण एक मिनिट पाहावी. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास खोकला असताना मिनिटास ४० किंवा अधिक वेळा चालत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे तो जलद होय. असे मूल त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर क्षणाचाही विलंब लावू नये.

तिसरे काम लक्षणे टिपण्याचे. वारंवार रात्री खोकला, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, खेळताना इतरांच्या आधी धाप लागणे, ह्यांपैकी काही आढळले तर आईस विचारावे. "ताई, थंडीत असं होतंच पोरांना," असे उत्तर पुष्कळदा मिळेल. होते खरे, पण पुन्हा पुन्हा होत असेल तर ते तपासले पाहिजे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातील पालघर येथूनच सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी करतात. आपल्या टिपणातील ही लक्षणे त्या दिवशी पथकापुढे ठेवावीत.

चौथे काम धूर व धूळ दूर ठेवण्याचे. आहार शिजतो ती जागा मुलांच्या बसण्याच्या जागेपासून अलग असावी. आवारातील पालापाचोळा व प्लास्टिक जाळू नये. पाल्याचे खत करावे. झाडण्यापूर्वी पाणी शिंपडावे आणि फळा ओल्या फडक्याने पुसावा. घरी गॅस आलेला असला तरी भाकरीसाठी किंवा आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटत असेल, तर त्या वेळी लहान मुलास फुंकणीजवळ बसवू नये, आणि कोणी मुलाच्या जवळ विडी ओढू नये, ह्या गोष्टी पालकसभेत आवर्जून सांगाव्यात.

पाचवे काम आनंदाचे. मुलांना फुंकू द्यावे. हातावरचे पीस उडविणे, कागदाचे भिरभिरे फिरविणे, साबणाचे फुगे काढणे, लांब ओळ एका दमात म्हणणे, हे खेळ मुलांना प्रिय आहेत. त्यांनी फुप्फुस मोठे होते असा दावा मी करीत नाही. परंतु पूर्ण श्वास घेणे व पूर्ण सोडणे म्हणजे काय, हे ज्या मुलास खेळातून उमगले आहे, ते उद्या चाचणीच्या खोलीत बुजणार नाही. मात्र एकाची पिपाणी दुसऱ्याच्या तोंडी देऊ नये. चाचणीतही प्रत्येक मुलास स्वतंत्र स्वच्छ नळी देतात, ती ह्याच कारणास्तव.

श्रोतेहो, निरोगी बालकाचा श्वास मोजणे म्हणजे त्या बालकाचा जो हक्क आहे त्याची मोजदाद करणे होय. तो हक्क किती, हे एकदा नीट कळले म्हणजे कोणत्या मुलाच्या वाट्यास तो उणा आला आणि कशामुळे उणा आला, हे विचारण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो. वैद्य तो आकडा काढतील. पण तो उणा पडू नये म्हणून रोज जे करावयाचे, ते आपल्या अंगणात, आपल्या हातून होणार आहे.